उघडे टॅब, भिजती घोंगडी

एखाद्याच्या कामाची पद्धत जाणून घ्यायची असेल, तर त्याचे टेबल पाहावे असे पूर्वी म्हणत. आता टेबले बरीचशी मोकळी झाली आहेत आणि पसारा संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. बँकेत, वृत्तपत्राच्या कचेरीत, वकिलाच्या चेंबरमध्ये किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या खोलीत, कुठेही डोकावून पाहा. ब्राऊझरच्या माथ्यावर टॅबांची रांग लागलेली दिसेल. पाच-सात टॅब असतात तोवर प्रत्येकाचे नाव वाचता येते. पंधरा झाले की नावातली दोन-तीनच अक्षरे उरतात. तीस झाले की नुसते चिन्ह दिसते, आणि पुढे तेही चेपून जाते. त्यातला एक टॅब आयकर विवरणपत्राचा असतो, एक रेल्वेच्या आरक्षणाचा, दोन गुडघेदुखीवरच्या उपायांचे, एक अर्धवट वाचलेल्या लेखाचा आणि तीन एकाच पानाचे. कारण ते पान आधीच उघडलेले आहे हे ध्यानातच राहिलेले नसते. 'यातले काही बंद का करत नाहीस?' असे कुणी विचारले, तर उत्तर ठरलेले: 'राहू दे, लागेल.'

या 'लागेल'ची आपल्याला जुनी ओळख आहे. ज्या घराला माळा आहे, त्या घरात तो कधी रिकामा नसतो. मोडकी खुर्ची, एका कानाची कढई, मुलांच्या जुन्या वह्या, सारे काही 'लागेल' म्हणून वर चढवलेले असते आणि ते पुन्हा खाली उतरते ते घर बदलतानाच. पडद्यावरच्या पसाऱ्यालाही आता असे माळे मिळू लागले आहेत. एक्स्टेन्शन या नावाचे छोटे जोडप्रोग्रॅम ब्राऊझरला लावले, की एका टिचकीसरशी पन्नास टॅब गुंडाळले जातात आणि पडदा स्वच्छ होतो. ही सोय खरीच कामाची आहे. मात्र ती घेताना आपण काय देतो, आणि ती घेतल्यावरही आपल्याकडे कोणते काम शिल्लक राहते, याचा विचार क्वचितच होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभरच्या वीस लाखांहून अधिक लोकांना तो एकाएकी करावा लागला. त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वी हा पसारा वाढला कसा, ते पाहू.

सोय म्हणून आले

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राऊझर लिहिला, तेव्हा टॅब ही कल्पना नव्हती. दुसरे पान हवे असेल तर पहिले सोडायचे, नाहीतर वेगळी खिडकी उघडायची. एकाच खिडकीत अनेक पाने ठेवण्याचा प्रयोग १९९४ मध्ये 'इंटरनेटवर्क्स' नावाच्या ब्राऊझरने केला. पण तो फारसा पसरला नाही. पुढे ऑपेरा, मोझिला आणि फायरफॉक्स यांनी टॅब रुळवले, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीत ते आल्यावर तर घरोघरी पोचले.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हायची, तासांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत आणि शिवाय फोनचे बिल चढत असे. एकेक पान उमटायला मिनिट-मिनिट लागे. म्हणून जाणकार मंडळी चार-पाच पाने एकदम उघडून ठेवत, जोडणी तोडत आणि मग निवांत वाचत. त्या काळी जास्त पाने उघडणे हे काटकसरीचे लक्षण होते. एक पान येईपर्यंत दुसरे वाचावे, हा हिशेब चोख होता. पुढे जोडणी वेगवान झाली, तासांचा हिशेब संपला, पाने क्षणात उमटू लागली. सवय मात्र राहिली. इतकेच नव्हे, तर तिच्यावरचा एकुलता एक लगामही सुटला. पूर्वी पान उघडण्याला पैसे पडत, म्हणून उघडण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबत असे. आता उघडण्याला काहीच पडत नाही.

टॅबाचे कामही हळूहळू बदलले. तो मुळात वाचनासाठी होता, तो आठवणीसाठी झाला. आपल्या आज्या काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारत. दुपारी गाठ हाताला लागली की वाण्याकडचा निरोप आठवे, आणि काम झाले की गाठ सुटे. उघडा टॅब ही अशीच एक गाठ आहे. वीजबिल भरायचे आहे, म्हणून ते पान उघडे. भाच्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, म्हणून तेही उघडे. पण एका पदराला साठ गाठी मारल्या, तर कुठली गाठ कशाची हे कोण सांगणार? आणि शिष्यवृत्तीचे पान उघडे असले, म्हणून अर्जाची अखेरची तारीख थांबून राहत नाही. उघड्या टॅबाचा मोठा धोका हाच, की काम हाती घेतल्याचे समाधान तो काम न करताच देऊन जातो.

वेगळ्या चुली

टॅब वाढले की संगणक मंद का होतो, याचे कारण ब्राऊझरच्या घडणीत आहे. सुरुवातीचे ब्राऊझर एकत्र कुटुंबासारखे होते. सगळी पाने एकाच चुलीवर शिजत. त्यामुळे एका पानाने गोंधळ घातला की सगळा ब्राऊझर कोसळे आणि बाकीची पानेही जात. सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम बाजारात आणला, तो वेगळ्या चुली मांडूनच. त्यात पानांची कामे संगणकाच्या स्वतंत्र प्रक्रियांत वाटून दिलेली असतात. एका खोलीत आग लागली तरी शेजारची खोली शाबूत राहावी, हा त्यामागचा हेतू. इतर ब्राऊझरांनीही कमी-अधिक प्रमाणात हीच वाट धरली.

वेगळ्या चुलींचा खर्चही वेगळा होतो. प्रत्येक घराला आपापली भांडी लागतात, तशी प्रत्येक प्रक्रियेला संगणकाची आपापली स्मृती, म्हणजे रॅम, लागते. त्यात २०१८ साली संगणकांच्या प्रोसेसरमध्ये 'स्पेक्टर' नावाचा दोष उघडकीस आला. एका पानातल्या लबाड प्रोग्रॅमला दुसऱ्या पानातली माहिती हेरता येऊ नये, म्हणून क्रोमने त्याच वर्षी वेगवेगळ्या संकेतस्थळांमधल्या भिंती आणखी पक्क्या केल्या. त्यासाठी दहा ते तेरा टक्के जास्त स्मृती खर्च होते, असे गुगलनेच तेव्हा सांगितले होते. भिंती हव्यात तर जागा मोजावी लागणारच. शिवाय आजचे पान म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्यात चित्रे असतात, आपोआप चालणाऱ्या चित्रफिती असतात, जाहिराती असतात, आणि वाचक काय करतो आहे याची नोंद ठेवणारे प्रोग्रॅमही असतात. एकेका टॅबाला काही दहा एमबीपासून काही शे एमबीपर्यंत स्मृती लागू शकते. आठ जीबीच्या संगणकावर चाळीस टॅब उघडले की पंख्याची घरघर का सुरू होते, ते यावरून लक्षात यावे.

माळ्यांचे तीन प्रकार

या अडचणीवर उपाय म्हणून जी एक्स्टेन्शन्स निघाली, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार यादी करणारा. 'वनटॅब' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे बटण दाबले की खिडकीतले सारे टॅब बंद होतात आणि त्यांच्या नावांची व पत्त्यांची एक यादी एकाच पानावर तयार होते. हवे ते पान यादीतून पुन्हा उघडावे. बंद झालेले टॅब स्मृती खात नाहीत, त्यामुळे ९५ टक्क्यांपर्यंत बचत होते असा त्याच्या कर्त्यांचा दावा आहे. किती बचत होणार हे अर्थातच कोणती पाने उघडी होती यावर अवलंबून. पण तत्त्व सरळ आहे. ही यादी आपल्याच संगणकावर राहते हा तिचा गुण, आणि एक्स्टेन्शन काढून टाकले की यादीही त्याच्याबरोबर जाते हा तिचा धोका.

दुसरा प्रकार झोपवणारा. टॅब रांगेत दिसत राहतो, पण बराच वेळ त्याच्याकडे कुणी फिरकले नाही तर आतले पान उतरवून ठेवले जाते. टिचकी मारली की ते पुन्हा येते.

तिसरा प्रकार मांडणी करणारा. यात टॅबांचे गट पाडता येतात, त्यांना नावे व रंग देता येतात, किंवा आडव्या रांगेऐवजी कडेला उभी यादी करता येते. उभ्या यादीत नावे पुरती वाचता येतात, हा साधा पण मोलाचा फायदा.

यातल्या बऱ्याच सोयी आता ब्राऊझरमध्येच आल्या आहेत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. स्मृती कमी पडू लागली की मागे पडलेले टॅब आपोआप उतरवण्याची सोय क्रोममध्ये २०१५ पासून आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने 'मेमरी सेव्हर' जाहीर केले. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२१ च्या आरंभी झोपणारे टॅब आले आणि त्याच वर्षी कडेची उभी यादीही आली. क्रोमने टॅबांचे गट २०२० मध्ये दिले. फायरफॉक्सची कथा तर गमतीदार आहे. त्याने गट पाडण्याची सोय २०११ मध्ये दिली, वापर फार कमी म्हणून २०१६ मध्ये काढून घेतली आणि २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आणली. तात्पर्य, नुसती स्मृती वाचवायची असेल तर बाहेरचा प्रोग्रॅम घरात घेण्याची आज फारशी गरज उरलेली नाही. आधी घरातल्या फडताळात पाहावे, मग बाजारात जावे.

आयत्या बिळावर नागोबा

हे सांगण्यामागे मोठे कारण आहे. झोपवणाऱ्या प्रकारातले 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शन एके काळी फार लोकप्रिय होते. ते विनामूल्य होते, त्याची संहिता कुणालाही तपासता येईल अशी खुली होती, आणि वीस लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. जून २०२० मध्ये त्याच्या मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले. घेणारा कोण, हे वापरणाऱ्यांना कळले नाही. त्यांच्या पडद्यावर काही बदलले नाही; नाव तेच, चिन्ह तेच. ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती आली आणि एक्स्टेन्शन्सच्या रिवाजाप्रमाणे ती आपोआप सगळ्यांच्या संगणकांत उतरली. पण खुल्या संहितेत या आवृत्तीची नोंद नव्हती. काही चौकस मंडळींनी ती उलगडून पाहिली, तेव्हा बाहेरच्या ठिकाणाहून प्रोग्रॅम आणून चालवण्याची तजवीज तीत केलेली आढळली. आरडाओरडा झाला, मायक्रोसॉफ्टने ते आपल्या दुकानातून काढले, आणि अखेर ४ फेब्रुवारी २०२१ रोजी गुगलने ते घातक ठरवून वापरणाऱ्यांच्या ब्राऊझरमधून बंद केले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. हे एक्स्टेन्शन टॅब झोपवताना मूळ पानाच्या जागी स्वतःचे एक हलके पान ठेवत असे. एक्स्टेन्शनच गेल्यावर ती पानेही गेली. ज्यांनी वर्षभराच्या अभ्यासाचे, संशोधनाचे, कामाचे टॅब असे झोपवून ठेवले होते, त्यांच्या डोळ्यांसमोरून रांगच्या रांग नाहीशी झाली. सुदैवाने प्रत्येक हलक्या पानाच्या पत्त्यात मूळ पानाचा पत्ता दडलेला असे. ब्राऊझरच्या इतिहासाच्या नोंदीत शोधून अनेकांनी आपली पाने परत मिळवली. पण ही वाट माहीत असणारे थोडे, आणि ती एकेक पान करत चालण्याची चिकाटी असणारे त्याहून थोडे.

मराठीत 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात, त्याचे याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. मुंग्यांनी वर्षानुवर्षे खपून वारूळ उभारावे आणि नागाने त्यात जाऊन बसावे. इथे वारूळ होते ते लोकांच्या विश्वासाचे. एखादे एक्स्टेन्शन लावताना ब्राऊझर एक परवानगी मागतो. 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाची ती ओळ असते. आपण ती वाचत नाही, 'होय' म्हणून मोकळे होतो. त्या होकाराचा अर्थ असा, की बँकेचे पान, टपालाचे पान, डॉक्टरांचा अहवाल, जे जे आपण पाहतो ते ते त्या प्रोग्रॅमलाही पाहता येते. ही घराची किल्ली आहे. ती आपण ओळखीच्या माणसाला दिलेली असते. पण तो माणूस घर बदलून गेला आणि जाताना किल्ली तिसऱ्याला देऊन गेला, तर आपल्याला कळवण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

हा प्रकार एकटादुकटा नाही. त्याच २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये 'नॅनो डिफेंडर' हे जाहिराती रोखणाऱ्यांच्या मदतीचे एक्स्टेन्शन असेच विकले गेले, नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांची माहिती बाहेर पाठवणारी भर घातली आणि गुगलने ते काढून टाकले. कर्ता प्रामाणिक असला तरी धोका टळतोच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, 'सायबरहेवन' या माहितीच्या सुरक्षिततेचेच काम करणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला गुगलच्या नावाने फसवे पत्र आले. त्यातून चोरांनी तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती दुकानात चढवली. कंपनीने ती लगोलग काढली. पण मधल्या वेळात ती अनेकांच्या संगणकांत उतरलेली होती.

आणि जिथे लबाडी मुळीच नसते, तिथेही दुकान बंद होऊ शकते. 'नंतर वाचू' म्हणून लेख बाजूला ठेवणारी 'पॉकेट' ही सेवा २००७ मध्ये फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन म्हणूनच जन्मली. तिचे पहिले नावच 'रीड इट लेटर' होते. २०१७ मध्ये ती फायरफॉक्सच्या चालकांनी, मोझिलाने, विकत घेतली, आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. लोकांना आपापली यादी उतरवून घेण्यासाठी मुदत दिली गेली, व्यवहार स्वच्छ झाला. पण वर्षानुवर्षे साठवलेले शेकडो लेख उतरवून घेताना किती जणांना वाटले असेल, की यातले आपण वाचले किती?

मनातली रांग

हा प्रश्न आपल्याला खऱ्या दुखण्याकडे नेतो. संगणकाची स्मृती वाचवता येते. माणसाच्या लक्षाचे काय? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी टॅबांचा हा विषय रीतसर अभ्यासला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. लोकांना टॅबांच्या गर्दीचे ओझे वाटते, तरीही ते बंद करवत नाहीत, असे त्यांना आढळले. बंद केलेले पान म्हणजे कृष्णविवरात गेलेली वस्तू, ती पुन्हा हाती लागायची नाही, ही भीती त्यामागे होती. टॅबांच्या संख्येमुळे आपला ब्राऊझर किंवा संगणक कोसळल्याचे त्यांच्या पाहणीतल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांनी सांगितले. टॅब म्हणजे पान न मानता काम मानावे, आणि त्याची मांडणी कामाप्रमाणे करावी, असा या संशोधकांचा विचार. त्याला अनुसरून त्यांनी 'स्कीमा' नावाचे एक्स्टेन्शनही तयार केले.

अपुरे काम मनाला का टोचते, हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली दाखवले, की मध्येच थांबवलेली कामे माणसाला पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम तसाच आढळला असे नाही. त्यावर वाद आहेत. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यात एक उपयोगी भर घातली. अपुरे काम डोक्यात घोळत राहते खरे. पण ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तर काम प्रत्यक्ष न होताही मनाची टोचणी बरीच कमी होते, असे त्यांना दिसले.

हा निष्कर्ष टॅब आवरणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मनाला हवा असतो तो निर्णय. पन्नास टॅब गुंडाळून यादीत टाकणे हा निर्णय नव्हे, ती निर्णयाची पुढची तारीख आहे. कोर्टात तारखा पडतात तशीच ही एक तारीख. यादी वाढत जाते, तिचे पन्नासचे पाचशे होतात. पडदा स्वच्छ दिसतो म्हणून तेवढ्यापुरते बरे वाटते; घोंगडे मात्र भिजतच राहते. एक्स्टेन्शनला पानांचा पत्ता कळतो, त्याचे वजन कळते, ते किती दिवस पडून आहे हे कळते. ते आपल्याला कशासाठी हवे होते, हे त्याला कळत नाही. तो निवाडा करण्याची जबाबदारी आपलीच राहते.

निकाल कसा लावावा

म्हणून साधनाचा वापर जरूर करावा, पण क्रम उलटा ठेवावा. आधी निकाल, मग आवराआवर. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी म्हणा, पंधरा मिनिटे काढून टॅबांची रांग डावीकडून उजवीकडे तपासावी. पाच मिनिटांत होण्याजोगे काम असेल, वीजबिल भरणे किंवा पत्राला उत्तर देणे, तर ते तिथल्या तिथे करून टॅब बंद करावा. ज्याला तारीख आहे ते काम वहीत किंवा दिनदर्शिकेत तारखेसह लिहावे आणि मगच तो टॅब बंद करावा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची जागा तिथे आहे, टॅबांच्या रांगेत नव्हे. जे संदर्भ म्हणून ठेवायचे त्याची वाचनखूण विषयवार करावी. क्रोम, एज, फायरफॉक्स या तिन्हींत कंट्रोल, शिफ्ट आणि डी या कळा एकत्र दाबल्या, की खिडकीतल्या सगळ्या टॅबांच्या खुणा एका फोल्डरमध्ये जातात. त्यासाठी कोणतेच एक्स्टेन्शन लागत नाही. आणि उरलेले, ज्याबद्दल 'लागेल' यापलीकडे काही सांगता येत नाही, ते सोडून द्यावे. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळांनी परत येतो. जुने पान इतिहासाच्या नोंदीतून सापडते. कृष्णविवराची भीती बरीचशी अनाठायी आहे.

एवढे करूनही ज्यांच्या कामाचे स्वरूपच असे आहे की पन्नास पाने लागतातच, अशा अनुवादकांनी, संशोधकांनी, बातमीदारांनी एक्स्टेन्शन जरूर घ्यावे. पण किल्ली देताना जी चौकशी करतो ती करून घ्यावे. ते कोणाचे आहे, कर्त्याचे नाव-गाव उघड आहे का, ते पाहावे. टॅबांची यादी करणाऱ्याला पानांची नावे आणि पत्ते कळले तरी पुरते. पानांच्या आतला मजकूर वाचण्याची परवानगी तो मागत असेल तर कशासाठी, हे विचारावे. यादी बाहेर काढून साध्या फाइलमध्ये उतरवता येते का हे पहिल्याच दिवशी पाहावे, आणि महिन्यातून एकदा तशी उतरवून ठेवावी. जे एक्स्टेन्शन सहा महिने वापरलेले नाही ते काढून टाकावे, मात्र त्याआधी त्यात काही साठवले आहे का ते बघावे. बँकेच्या कामासाठी एकही एक्स्टेन्शन नसलेला वेगळा ब्राऊझर ठेवला, तर उत्तमच.

हे सगळे करूनही रांग पुन्हा वाढेल. ती वाढणारच, कारण जगात वाचण्याजोगे पुष्कळ आहे आणि उघडण्याला पैसे पडत नाहीत. आपल्या कुतूहलाची ती खूण आहे, तेव्हा तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. फक्त एवढे ध्यानात असावे, की उघडे ठेवलेले प्रत्येक पान म्हणजे आपण आपल्याच वेळेवर लिहून दिलेली हुंडी असते. तिची मुदत भरली, की एक तर ती वटवावी, नाहीतर फाडून टाकावी. नुसत्या हुंड्या गोळा करणाऱ्याला कुणी श्रीमंत म्हणत नाही. आज रविवार आहे. पुरवणी वाचून झाली की संगणक उघडाच. सगळी रांग नको, निदान अगदी डाव्या कडेचा, सर्वांत जुना टॅब तेवढा उघडून पाहा. तो वाचा, किंवा त्याला निरोप द्या.